पालथी वाटी

अहमदपुरात बाजाराच्या मागच्या गल्लीत केवळाबाईंचा लाकडी घाणा होता. पत्ता विचारायची गरज नसायची. करडीच्या तेलाचा वास नाकात शिरला की समजायचं, आलं घर. डबे तेलाचे, बुधले तेलाचे, भिंतीला हात लावला तर हाताला तेल. आता अशा घरात एका बाईच्या बोटांना थंडीनं चिरा पडाव्यात आणि त्या चिरांवर लावायला तिला थेंबभर तेल मिळू नये, हे तुम्हाला खरं वाटेल का? मलाही वाटलं नसतं. पण झालं ते असं.

साल ब्याऐंशी. लातूर जिल्हा होऊन चार महिने झाले होते. पावसानं त्या वर्षी तोंड फिरवलं होतं, विहिरी डिसेंबरातच तळाला गेल्या होत्या आणि कोरडं वारं असं सुटलं होतं की बोललं तरी ओठ फाटायचे. घाण्याच्या पडवीत केवळाबाईंची थोरली सून चांगुणा पांढऱ्या कापडाचं झबलं शिवत बसली होती. मशीनचं काम उरकलं होतं. गळ्याची पट्टी आणि काजं हातानं करायची होती. तिनं दोरा ओढला, कापड धरलेल्या डाव्या बोटाची चीर उकलली आणि काजाच्या कडेला लाल ठिपका पडला.

चांगुणानं झबलं बाजूला ठेवलं. बाजूला आधीची तीन झबली होती. तिन्हींवर तसेच ठिपके होते.

शिवणकामाची सरकारी परीक्षा नऊ दिवसांवर आली होती. त्यात बाळाचं पांढरं झबलं शिवून दाखवायचं, आणि डाग पडला की तो तुकडा बाद, हे क्लासच्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं. पास झाली तर मुलींच्या शाळेत शिवण शिकवायला तिला घेऊ, असा मोठ्या बाईंचा शब्द होता. मागच्या वर्षीच ती परीक्षेला बसली असती, पण तेव्हा परीक्षेला उस्मानाबादला जावं लागे आणि तिथं मुक्काम पडे. तरण्या विधवेला परगावी मुक्कामाला कोण पाठवणार? यंदा लातूर जिल्हा झाला, परीक्षा लातूरला आली, सकाळच्या एसटीनं जाऊन दिवेलागणीला परत. केवळाबाई हो म्हणाल्या होत्या. दुसरी संधी पुढच्या वर्षी, आणि तोवर शाळेतली जागा काही रिकामी राहणार नव्हती.

चांगुणाचा नवरा दोन वर्षांपूर्वी तापानं गेला. आता या घरची एक रीत सांगतो. घाण्याच्या खोलीत एक लांब कोनाडा होता आणि घरातल्या प्रत्येक बाईची पितळी वाटी त्यात असायची. घाण्यातून ताजं तेल निघालं की आधी घरच्या बायांच्या वाट्या भरायच्या, मग गिऱ्हाईक. आंघोळीनंतर आपापल्या वाटीतलं तेल डोक्याला, हातापायाला. बाईचा नवरा गेला की दहाव्याला तिची वाटी पालथी घालायची. ती पुन्हा उलथायची नाही. कोनाड्यात त्या वेळी तीन वाट्या होत्या. धाकट्या सुनेची, सरजाची, भरलेली. दोन पालथ्या. एक चांगुणाची, अन् दुसरी खुद्द केवळाबाईंची, एकवीस वर्षांपासून पालथी.

केवळाबाई वाईट बाई नव्हत्या, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही त्यांना कैदाशीण ठरवून मोकळे व्हाल. भावकी नको नको म्हणत असताना सुनेला शिवणाच्या क्लासला त्यांनीच घातलं. "माझं आयुष्य घाण्याभवती गेलं, तिचं कामून जावं?" असं म्हणणारी बाई ती. पण तेलाचं नाव काढलं की त्यांचा चेहरा बंद दारासारखा व्हायचा. विधवेच्या कातडीला तेल लागता कामा नये. गिऱ्हाइकाला माप देताना बोटाला लागलंच, तर लगेच चुलीतली राख घ्यायची आणि खसाखसा घासून काढायचं. त्या तसंच करत आल्या होत्या आणि चांगुणालाही त्यांनी तेच लावून दिलं होतं.

लाल ठिपका त्यांनीही पाहिला. त्या लंगडत जवळ आल्या. एक टाच टेकत नव्हती.

"आण ते बोट इकडं. बिब्याचा चटका दिला की चीर मिटती. मी इक्कीस वरसं ह्येच करून राहिले."

त्यांनी बिब्याला सुई टोचली, दिव्यावर धरला, आणि काळा रस गळायला लागल्यावर चांगुणाच्या डाव्या हाताच्या बोटावर टेकवला. चांगुणानं दात आवळले. चीर मिटायची राहिली बाजूला, सकाळी बोट टरारून फुगलं आणि वर पाण्याचा फोड. आता सुई धरायची उजव्या हाताच्या चिरांनी आणि कापड धरायचं फोड आलेल्या बोटानं. आठ दिवस उरले होते.

त्याच दिवशी सरकारी दवाखान्याच्या सिंधु सिस्टर घरी आल्या. सरजाचं बाळ चार महिन्यांचं होतं, त्याला टोचायचं होतं. सिंधु सिस्टर म्हणजे पस्तिशीची, चालायला वाऱ्यासारखी आणि बोलायला त्याहून सरळ बाई. बाळ रडलं, गप्प झालं, आणि त्यांची नजर चांगुणाच्या हाताकडं गेली.

"हे काय करून घेतलंस?"

"बिबा लावला."

"बिबा? बाई, बिब्यानं माणूस भाजतं. दाखव बरं दुसरा हात." त्यांनी हात उन्हात धरून पाहिला. "थंडीनं कातडी सुकती हे खरं, पण एवढं नुसत्या थंडीनं होत न्हाई. हात कशानं धुतीस?"

"राखेनं."

"दिवसातून किती डाव?"

चांगुणानं सासूकडं पाहिलं. "तेलाचा हात लागला की. आठ-धा डाव व्हत असंल."

"राख कातडीचं असलं नसलं तेल ओढून घेती. वर हे वारं. मग चिरा पडणार न्हाईत तर काय होणार?" सिस्टरनी फोडावर मलम लावून पट्टी बांधली. "राख बंद. सोडा बंद. पाणी कढत घ्यायचं न्हाई, कोमट घ्यायचं. शेकोटीला हात धरून बसायचं न्हाई. आंघोळ झाली, अंग वाईच ओलं हाय तवाच तेल चोळायचं, म्हणजे कातडीतला ओलावा कातडीतच राहतो. झोपताना परत लावायचं अन् वरून जुन्या धोतराचं फडकं गुंडाळायचं. फोडावर मात्र तेल नको, तिथं मलमच. आठ दिवसांत सुई धरशील. घरात तेलाला काय तोटा हाय का?"

बाळाला थोपटणारा सरजाचा हात थांबला. मग केवळाबाई म्हणाल्या, "तेल लावायचं न्हाई तिनं. तुमच्यापाशी दवा असंल तर द्या."

सिस्टरना समजायला वेळ लागला नाही. त्यांनी उठायचं सोडून बैठक मारली.

"मावशी, तुमचा पाय दाखवा. आल्यापासून बघते, टाच टेकवत न्हाई तुम्ही."

केवळाबाईंनी लुगड्याखाली पाय ओढला. सिस्टरनी तो हळूच बाहेर घेतला. टाचेला बोट बसेल एवढ्या भेगा, त्यांत काळा बिबा भरलेला, आणि एका भेगेतून पू येत होता. चांगुणानं आपल्या सासूची टाच इतक्या वर्षांत पहिल्यांदा जवळून पाहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मावशी, बिब्यातून निघतं ते काय असतं?"

"रस."

"लोक बिब्याचं काय म्हणतेत त्याला? तेलच म्हणतेत की. बिब्याचं तेल. म्हणजे जाळणारं तेल विधवेला चालतं, अन् तुमच्या घरचं गुणाचं करडीचं तेल चालत न्हाई. ही रीत कुणी काढली असंल वो?"

प्रश्न बिनतोड होता. पण तेवढ्यानं माणूस लगेच पटवून घेतो असं थोडंच आहे? ज्यांना घरात सासू आहे किंवा ज्या स्वतः सासू आहेत त्यांना हे मी सांगायला नको.

"तुम्हाला सांगायला सोपं हाय सिस्टर," त्या म्हणाल्या. आवाज खाली आला होता. "मी लावलं व्हतं एकडाव. भात्तरच्या दुष्काळात. दिवसभर खडी फोडायची, हाताची सालटं निघायची, टाचा फुटायच्या. घाण्याच्या बुडाला बोटभर तेल राहिलं व्हतं. सासू झोपलेली बघून टाचंला लावलं. आठ दिवसांत घाण्याचा बैल मेला. सासू म्हणली, तुझ्या तेलानं गेला. गल्लीभर सांगितलं तिनं. तवापासून मी अंगाला तेल शिवू दिलं न्हाई. आता ह्या घरात लहान लेकरू हाय. मला पुन्हा ती जोखीम घ्यायची न्हाई."

म्हणजे हे होतं तर. दहा वर्षं ती बाई एका बैलाचं ओझं छातीवर घेऊन जगत होती आणि घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

सिंधु सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी टाच धुवायला कोमट पाणी मागून घेतलं आणि धुता धुता बोलत राहिल्या.

"भात्तरला माझी माय बी खडीवर व्हती. आमच्या वाडीत त्या साली बारा बैल गेले. वरल्या आळीत किती गेले त्याचा हिशेबच न्हाई. चारा नव्हता, पाणी नव्हतं. मावशी, एवढ्या घरांतल्या विधवांनी चोरून टाचंला तेल लावलं व्हतं का?"

केवळाबाई पाण्यातल्या आपल्या टाचेकडं बघत राहिल्या.

"आम्ही छप्पनला बुद्धाची दीक्षा घेतली. माय त्याच्या आधीच विधवा झालेली. दीक्षेच्या दुसऱ्या दिशी सकाळी ती न्हाली, अन् अंगणात बसून पायाला तेल लावलं. शेजारीण म्हणली, आता काय इपरीत व्हतंय बघा. काय झालं? तिचे पाय मऊ झाले. एवढंच इपरीत झालं. मी तवा नऊ वर्षांची व्हते, तिच्या मांडीवर डोकं ठेवून बघत व्हते. अजून जिती हाय ती."

टाचेवर पट्टी बांधून सिस्टर उठल्या. दारातून वळून म्हणाल्या, "बैल उपाशी मेला, मावशी. तुमच्या बोटभर तेलानं न्हाई."

धाकटा मुलगा ज्ञानोबा घाण्याला बैल जुंपून फिरवत होता, केवळाबाई दुपारभर त्या बैलाकडं बघत बसल्या. ऊन कलल्यावर त्यांनी चांगुणाला हाक मारली.

"परीक्षेपुरतं लाव. आतल्या खोलीत, दार लावून. कुणाला दिसू देऊ नको. अन् वाटी नको उलथू, पळीनं घे."

आपण असतो तर काय केलं असतं? मिळतंय ते घेतलं असतं. पण चांगुणा तिथंच उभी राहिली.

"न्हाई आत्याबाई."

"का?"

"दार लावून लावलं तर मी काहीतरी वंगाळ केलं असं व्हतंय. मी काय वंगाळ केलं? अन् माझी बोटं मऊ करून मी लातूरला जाईन, तुमच्या टाचंचं काय? मला लावायचं तर तुम्हाला बी. उघड्यावर. नसंल तर तुमच्यासारखंच मी बी कोरडीच राहते."

"परीक्षा जाईल तुझी."

"जाऊ द्या."

केवळाबाई रागानं आत निघून गेल्या. जाऊ द्या म्हणणं सोपं असतं. रात्री हातावर फडकं गुंडाळून चांगुणा पडली तेव्हा तिला शाळेची ती खोली दिसत होती, खिडकीजवळचं मशीन दिसत होतं. पण शब्द तिनं मागं घेतला नाही. राख तेवढी सोडली आणि कोमट पाण्यानं हात धुवायला लागली. चिरा थोड्या निवल्या. दोरा ओढला की उकलायच्याच.

असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी पारूबाई बाटली घेऊन तेलाला आल्या. पारूबाई मागच्याच बोळात राहायच्या आणि गल्लीची बातमी त्यांच्याकडून निघून त्यांच्याकडंच परत यायची. केवळाबाईंच्या पायाची पट्टी त्यांनी पाहिली आणि पदर तोंडाला लावला.

"म्हणजे खरंच हाय म्हणायचं. नर्सबाई येऊन तेल लावून गेली म्हणे दोघी सासवा-सुनांला. लोक बोलून राहिलेत केवळामाय. म्हणतेत, ज्या घरात विधवा तेल लावतेत त्या घरचं तेल देवाच्या दिव्याला कसं न्यावं?"

हीच ती भीती. दहा वर्षं केवळाबाई ज्या वाक्याला भिऊन राखेनं हात घासत होत्या, ते वाक्य आज दारात येऊन उभं होतं, आणि तेही तेलाचा थेंब न लावता! न लावताच नाव झालं होतं. त्या पारूबाईंकडं बघत राहिल्या. मग त्यांना हसू आलं. खरंच आलं. चांगुणा पडवीतून बघतच राहिली.

"पारू, लावलं न्हाई तरी बोलताव. मग लावतेच, म्हणजे तुमचं बोलणं तरी खोटं पडणार न्हाई."

त्या लंगडत घाण्याच्या खोलीत गेल्या. कोनाड्यातली वाटी त्यांनी उचलली. एकवीस वर्षांत पितळ काळंठिक्कर पडलं होतं आणि तळाशी धुळीचं गोल वळं उमटलं होतं. त्यांनी ती पदरानं पुसली, दुसरीही पुसली, आणि दोन्ही घाण्याच्या तोंडाशी धरल्या. ज्ञानोबानं बैल थांबवला.

"माय?"

"बघतोस काय? हाक बैल. घरच्या बायांचं तेल आधी निघतंय ह्या घरात."

वाट्या भरल्या. केवळाबाई त्या घेऊन रस्त्याकडच्या ओट्यावर उन्हात बसल्या, अगदी येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशा. चांगुणाला त्यांनी समोर बसवलं आणि तिचा उजवा हात मांडीवर घेऊन एकेका बोटाला तेल चोळायला लागल्या. तेल बोटांतून मनगटावर ओघळलं, तसं त्यांनी सवयीनं राखेसाठी इकडंतिकडं पाहिलं, आणि थांबल्या.

"माझं चुकलं पोरी," त्या म्हणाल्या. "मला जे सोसावं लागलं ते तुला बी सोसायला लावलं अन् त्याला रीत म्हणले."

चांगुणानं वाटी हातात घेतली आणि सासूचा पाय पुढं ओढला. पट्टीची जागा सोडून तिनं भेगांवर तेल भरलं. केवळाबाईंनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते त्यांनी पुसलंही नाही.

पारूबाई अजून बाटली धरून उभ्याच होत्या. केवळाबाईंनी डोळे उघडले.

"पारू, थंडी काय कपाळ बघून लागती का? कुंकू हाय तिला लागायची न्हाई अन् न्हाई तिलाच लागायची, असं हाय का? थंडी सगळ्यांला सारखी लागती. मग तेल बी सगळ्यांला सारखं लागाय पाहिजे. आता जा, अन् हे बी सांग गल्लीत."

पारूबाई गेल्या नाहीत. त्या पायरीवर टेकल्या. बाटली पुढं करून हळू आवाजात म्हणाल्या, "वाईच वरपर्यंत भर. माझी नणंद हाय घरी. तिच्या पायाला बी असंच झालंय. फडकं बांधून हिंडती." नणंद विधवा होऊन सात वर्षं भावाकडं राहत होती, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. तिच्या पायांबद्दल पारूबाई त्या दिवशी पहिल्यांदा बोलल्या.

परीक्षेच्या दिवशी सकाळच्या एसटीनं सासू-सून लातूरला गेल्या. केवळाबाईंच्या पायांत ज्ञानोबाचे मोजे होते आणि टाच टेकत होती. शहरात जिकडंतिकडं जिल्ह्याच्या नव्या पाट्या, काहींचा रंग अजून ओला वाटत होता. परीक्षेच्या खोलीत चांगुणानं कापड मांडीवर घेतलं. डाव्या बोटाला पट्टी होती. उजव्या हाताच्या चिरा भरत आल्या होत्या, पण पुरत्या भरल्या नव्हत्या. पहिल्या काजाला दोरा ओढताना तिनं श्वास धरला. काही झालं नाही. दुसरं काज. तिसरं. तपासणाऱ्या बाईंनी झबलं उजेडाकडं धरलं, उलटं केलं, सुलटं केलं आणि पुढच्या बाकाकडं गेल्या. झबलं पांढरं होतं.

चांगुणा पास झाली. जून महिन्यात ती मुलींच्या शाळेत शिवण शिकवायला लागली, आणि त्यानंतर दर हिवाळ्यात तिच्या वर्गात सुई हातात घेण्याआधी कोमट पाणी आणि तेलाची वाटी फिरायची. राखेनं भांडी घासून आलेल्या पोरी असायच्या, धुण्याच्या सोड्यानं हात उललेल्या असायच्या. वाटी सगळ्यांकडं जायची. घाण्याचा बैल पुढं कितीतरी वर्षं ठणठणीत फिरत होता, हेही सांगून टाकतो, कारण काही जण तेवढंच विचारतात.

मंडळी, चूक एकट्या केवळाबाईंची नव्हती. त्यांना कुणीतरी जाळणारं तेल दिलं आणि हेच तुझं म्हणून सांगितलं, ते त्यांनी पुढं दिलं. आपण सगळे तेच करतो. आपण सोसलं म्हणून दुसऱ्यानं सोसावं, आणि त्याला परंपरा म्हणावं. थंडी येते, कातडी उलते, त्यावर इलाज साधा आहे आणि तो घरातच आहे. तो कुणाला द्यायचा आणि कुणाला नाही हे ठरवणारे आपण कोण? उद्या सकाळी तुमच्या घरात तेलाची वाटी फिरेल तेव्हा ती कुणाकुणाकडं जाते ते बघा, आणि कुणा बाईला टाळून पुढं जात असेल, तर उठा आणि स्वतःच्या हातानं तिच्यापर्यंत नेऊन द्या.